दाराची खूण

रविवारी ताई नेहमी काळे कपडे घालायची. दुःखाचं काही नाही. काळ्यावर हात उठून दिसतात, एवढंच. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला तिच्यासाठी एक लाकडी ठोकळा ठेवलेला असे. त्यावर उभं राहून ती पाळकसाहेबांचा संदेश खुणांच्या भाषेत सांगायची. समोरच्या पहिल्या बाकावर तिचा थोरला भाऊ आणि ऐकू न येणारी आणखी काही मंडळी बसत. दादा जन्मापासून बहिरा. बहिणीच्या हातांतून जेवढं येईल तेवढंच त्याचं चर्च.

हे पाळकसाहेब आल्यापासून चर्चचं रूपच पालटलं होतं. मोठा पडदा आला, कॅमेरे आले, गिटार वाजवणारी तरुण मंडळी आली. साहेब बोलायचेही झकास. हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणायचे. ताईला ते मनापासून आवडत. तिच्या कामाची कदर करणारे ते पहिलेच पाळक.

चर्चच्या मागे चर्चच्याच मंडळीनं चालवलेला वृद्धाश्रम होता. तिथं बाई राहायच्या. बाईंनी बहिऱ्या मुलांच्या शाळेत उभा जन्म घालवला. दादाला, आणि त्याच्या मागे मागे शेपटासारख्या जाणाऱ्या लहानग्या ताईला ही भाषा त्यांनीच शिकवली. म्हातारपणी झटका आला, वाचा गेली, डावा हात लुळा पडला. तरी उरलेल्या एका हातानं त्या गप्पांचा फड जमवत. दोन तळव्यांनी करायची 'दार' ही खूण त्या एकाच तळव्यानं करत. तळवा छातीशी उभा धरायचा, झालं दार. दादा त्यांना चिडवायचा, "बाई, तुम्ही हल्ली अर्ध्या आवाजात बोलता."

बाई गेल्या त्या दिवशी आश्रमाच्या नव्या इमारतीचं चित्रीकरण चाललं होतं. झोपेतच गेल्या, असं सगळ्यांना कळवण्यात आलं.

त्यांच्या आठवणीच्या उपासनेत पाळकसाहेब बाईंच्या फोटोजवळ जाऊन उभे राहिले. "शेवटच्या घटकेला मी बाईंचा हात हातात धरून बसलो होतो," ते म्हणाले. ताईनं ते खुणांनी सांगितलं. निदान तिला तसं वाटलं. पण पहिला बाक एकाएकी ताठ झाला. एका म्हाताऱ्या बहिऱ्या गृहस्थांनी तोंडावर हात धरला.

उपासना संपल्यावर दादानं तिला अंगणात गाठलं. त्याची बोटं भरभर चालली.

"तू असं का सांगितलंस?"

"कसं?"

"दाराला बाहेरून कडी होती म्हणून."

ताईला हसूच आलं. "मी असं काही बोलले नाही, दादा."

"बोललीस. एका हातानं. बाईंसारखं."

ताईनं ते मनावर घेतलं नाही. दादा बाईंच्या जाण्यानं हळवा झालाय, असं तिनं स्वतःला पटवलं. पुढच्या रविवारी मात्र ती सावध होती. संदेश प्रामाणिकपणावर होता. ती हात हलवत राहिली आणि नजर समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर ठेवली. पडद्यावर तीच होती, काळ्या कपड्यांतली, मोठी.

थोड्या वेळानं पडद्यावरच्या ताईचा डावा हात खाली घसरला आणि लोंबकळत राहिला.

ताईनं तो उचलायचा प्रयत्न केला. खांद्यापासून खाली काही नव्हतंच जणू. उजव्या हाताची पेरं सुजल्यासारखी जड झाली, गार पडली, आणि तो हात आपल्या मनानं बोलू लागला. छातीशी तळवा. मग मिटलेली मूठ, हवेत ठोठावणारी. *दार. बाहेरून कडी. मी ठोठावते. दम कोंडतोय. बाहेर माणसं आहेत, हसतायत.*

पाळकसाहेब प्रामाणिकपणावर बोलतच होते. "आमेन," मंडळी म्हणाली, आणि ताईचा डावा हात मुंग्या येत पुन्हा जिवंत झाला.

दुसऱ्या दिवशी ती आश्रमात गेली. बाईंच्या खोलीच्या दाराला नवा रंग दिला होता. तिनं बाहेरच्या बाजूनं बोट फिरवलं. रंगाखाली बुजवलेली भोकं लागली. काही तरी स्क्रूनं बसवलेलं होतं आणि काढून टाकलं होतं.

बाईंचं सगळं करणाऱ्या मावशी पाण्याची बादली घेऊन मागे उभ्या होत्या.

"मावशी, इथं कडी होती ना?"

"सगळीकडेच रंग दिलाय, ताई."

"कडी होती का?"

मावशींनी बादली खाली ठेवली, पुन्हा उचलली. "माझी नोकरी आहे हो ही," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

ताई तशीच पाळकसाहेबांच्या खोलीत शिरली. तिनं आडपडदा न ठेवता विचारलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी तिला बसवलं, स्वतः उठून पाण्याचा ग्लास दिला.

"त्या दिवशी मोठे पाहुणे आले होते, ताई. बाई सारख्या कॅमेऱ्यापुढे येत होत्या, तेही घरातल्या कपड्यांत. म्हणून थोड्या वेळापुरतं..." त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "चुका माणसांच्याच हातून होतात."

"मंडळीला हे सांगितलंत?"

"सांगितलं तर आश्रम बंद पडेल. मग ही सगळी म्हातारी माणसं जातील कुठं? तुम्ही ठेवून घ्याल?"

ताईनं विचारलं, "आणि तुम्ही बाईंचा हात धरून बसला होतात, ते?"

"मनानं बसलो होतो," पाळकसाहेब म्हणाले.

त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. डोळे मिटून, तळमळीनं. ताईला भीती वाटली ती त्या तळमळीचीच. ती खरी होती. निघताना ते म्हणाले, "रविवारी नव्या इमारतीचं समर्पण आहे. इंटरनेटवरून सगळीकडे थेट दिसणार आहे. तुम्ही आपलं नेहमीसारखं छान करा."

समर्पणाच्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. मावशीही आल्या होत्या, मागच्या भिंतीला टेकून उभ्या. ताईनं मनाशी ठरवलं होतं, या वेळी हातांनी बोलायच्या आधी आपण बोलायचं.

"बाईंच्या शेवटच्या घटकेला," पाळकसाहेबांनी सुरुवात केली, "मी त्यांचा हात..."

ताईनं दोन्ही हात खाली घेतले.

"हे खरं नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "बाईंना बाहेरून कडी लावून कोंडलं होतं. चित्रीकरणासाठी."

तिच्यापुढे माइक नव्हता, तरी पुढच्या निम्म्या रांगांना ऐकू गेलं. कोणी खाकरलं. मंडळीच्या कमिटीतले एक वडीलधारे गृहस्थ आपल्या बुटांकडे बघू लागले. त्यांच्या बायकोनं पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं. आश्चर्य एकाच्याही चेहऱ्यावर नव्हतं.

तेवढ्यावरून ताईला कळून चुकलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाळकसाहेब खिन्नसं हसले. "आपल्या ताईंचा बाईंवर फार जीव होता. चला, ताईंसाठी आपण सगळे गाऊ या."

गिटार वाजली. लोक उभे राहिले. सवयीप्रमाणे त्यांनी डोळे मिटले, चेहरे वर केले, दोन्ही हात उंचावले.

आणि सगळ्यांचे डावे हात खाली पडले.

एकाच वेळी, लुळे. कोणी डोळे उघडले नाहीत. गाणं जरासुद्धा अडखळलं नाही.

वर राहिलेले उजवे हात छातीशी आले. तळवा उभा. मग मुठी मिटल्या, आणि अख्खं चर्च हवेत ठोठावू लागलं. *दार. दार. उघडा.* चेहऱ्यांवर समाधान होतं. काहींच्या गालांवरून आसवं ओघळत होती.

पहिल्या बाकावरची माणसं मागे वळून बघत होती. दादानं उठून ठोकळ्याशी येऊन ताईचा हात घट्ट धरला.

तिनं पाळकसाहेबांकडे पाहिलं. तेही डोळे मिटून गात होते. त्यांचे मात्र दोन्ही हात शाबूत होते. खुणांच्या भाषेतला एकही शब्द त्यांना येत नव्हता. आता त्यांची बोटं ती भाषा स्वच्छ, सराईत बोलत होती.

*थांबा. रेकॉर्डिंग चालू आहे.*

मुठी जोरजोरात आपटू लागल्या.

*थांबा म्हटलं ना.*

हळूहळू मुठी मंदावल्या. एकेक हात खाली आला. या रांगेतला, त्या रांगेतला.

शेवटी भिंतीशी उभ्या असलेल्या मावशींचा हात तेवढा उरला. त्यानं एकदा ठोठावलं.

बराच वेळ काही नाही.

पुन्हा एकदा, अगदी हलकं. मग तोही खाली आला.

मावशी डोळे मिटून गातच होत्या.