पोलंडच्या मिठावरचा नारळ

“मिठात हात घालायच्या आधी हात कोरडे कर गो. ओल्या हाताला मीठ खरं सांगत नाय.”

पेणच्या मिठागरात आईने सांगितलेलं हे वाक्य हवालदार मृणालीला रोह्यातल्या त्या खोलीत आठवलं. तिने रुमालाला हात पुसले आणि काचेच्या पेटीत बोटं घातली. मीठ ओलं लागलं. मध्यभागी तर सायीसारखा राखाडी, चिकट थर होता.

पेटीतला नारळ मात्र नव्हता.

खलीलचाचा तीस वर्षं जहाजावर आचारी होते. देशोदेशीच्या नवलाया त्यांनी या खोलीत मांडल्या होत्या. ओमानची काळी लिंबं, आइसलँडचा दगडासारखा वाळलेला मासा, चीनची काळी अंडी. शाळांच्या सहली यायच्या. पण सगळी पोरं थांबायची ती सेशेल्स बेटांवरच्या दर्याई नारळापुढे. दोन नारळ एकमेकांना चिकटावेत तसा जुळा आणि घागरीएवढा. चाचांनी तो पोलंडच्या खाणीतल्या मिठावर ठेवला होता.

“काल दुपारपर्यंत होता. कुलूप शाबूत हाय,” चाचा म्हणाले. मोतीबिंदूने त्यांचे डोळे दुधाळ झाले होते. “चावी खुंटीला असते. झाडलोटीला चंद्रावती येते, बस.”

चंद्रावती दारात उभी होती. कासू गावाहून रोज येणारी, पन्नाशीची, मिठागरात वाढलेली बाई.

“पेटी कधी उघडलीस?” मृणालीने विचारलं.

“कधीच नाय.”

“झूट!” चाचांची सून फरझाना मोरीतून ओरडली. “ईदच्या आधी हिच्या हातात चावी बघितली मी. वर आज ही मोरी तुंबलीय, पाणी हलत नाय, आणि बाईसाहेब रडत बसल्यात!”

चाचांचा पुतण्या फैजल खाटेवरून उठला. “मॅडम, सोडून द्या. गरिबाला मोह होतो. शनिवारी माझं मस्कतचं विमान आहे, जाताना घरात पोलीस नकोत.”

“काल ही घरी कशी गेली?” मृणालीने त्यालाच विचारलं.

“चालत. स्टेशनवर.”

“हातात काय होतं?”

“डब्याची पिशवी.”

“घागरीएवढा नारळ डब्याच्या पिशवीत मावला?”

फैजलने रस्त्याकडे बोट केलं. “बाहेर कोणी उभं असेल.”

मृणाली चंद्रावतीला ओटीवर घेऊन गेली.

“बाय, गावात बातमी पोचली. अंगणवाडीत मी खिचडी शिजवते, अकरा वर्षं झाली. चोराच्या हातचं पोरांना नको म्हणतात. पाच वाजता बैठक हाय, मला काढायची. बोट दाखवून काढतील. मग मी कुठं तोंड दाखवू?”

“चंद्राताई, पेटीतलं मीठ कुणाचं?”

चंद्रावतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“खाणीतलं मीठ काचेआड भर श्रावणातही कोरडं राहतं. हे पाझरतंय. हे आपल्या मिठागरातलं, समुद्राचं. मीही आगरातलीच आहे.”

चंद्रावतीने हात जोडले. “मार्चात पुसताना ते मीठ बादलीत सांडलं गो. चाचांनी किती लांबून आणलेलं! भ्यायले. आमच्या आगरातलं आणून पसरलं. म्हणून कधीच नाय उघडली म्हटलं.”

“तेव्हा नारळ उचललास? जड होता?”

“छे! नुसती करवंटी. एका हातावर घेतला.”

“मग ऐक. पाच वाजता कासूला मी तुझ्या शेजारी उभी असेन. हा माझा शब्द.”

आत येऊन मृणाली थेट मोरीत गेली. काठीने भोक ढवळलं. राखाडी गाळ वर आला, त्यात काळ्या रंगाचे पापुद्रे. तिने तो बोटांवर चोळला आणि पेणला मूर्तींचा कारखाना असलेल्या मोरूला फोन लावला.

“गणपतीच्या तोंडावर आठवण आली व्हय?” मोरू हसला. “आता मूर्ती मिळायची नाय!”

“मूर्ती नको. पेणमध्ये कुणी शाडूचा जुळा नारळ घडवून घेतला होता का, तेवढं विचार.”

घरातल्यांचे फोटोही तिने मोरूच्या मोबाइलवर पाठवले. तासाभराने उत्तर आलं. मृणालीने सगळ्यांना खोलीत बोलावलं. चार वाजायला आले होते.

“चाचा, नारळ काल चोरीला गेला नाही. तो मेमध्येच गेला. काल गायब झाली ती त्याची नक्कल. शाडूची, न भाजलेली, वरून रंगवलेली.”

“नक्कल? मी रोज तिच्यापुढे बसत होतो!”

“काचेबाहेरून. आणि तुमची नजर अधू आहे, हे चोराला ठाऊक होतं. खाणीच्या कोरड्या मिठावर नक्कल वर्षानुवर्षं टिकली असती. पण मार्चात चंद्राताईंच्या हातून ते मीठ सांडलं आणि त्यांनी आगराचं भरलं. तेव्हा नारळ एका हातावर मावण्याइतका हलका, म्हणजे खराच होता. चोराला मीठ बदललेलं ओळखू आलं नाही. पाऊस लागला, मीठ पाझरलं, शाडूची बैठक विरघळायला लागली. राखाडी साय ती हीच. नारळ कलंडायच्या आत तो नाहीसा करणं भाग होतं. घराबाहेर न्यायची गरजच नव्हती. बादलीभर पाण्यात शाडू विरघळतो. म्हणून मोरी तुंबली.”

फरझानाने तोंडावर हात ठेवला.

“चंद्राताईंनी हे केलं असतं, तर शाडूखाली आगराचं मीठ त्यांनी कधीच ठेवलं नसतं. मेमध्ये नक्कल देताना पेणच्या कारागिराने बजावलं होतं, ओलीपासून जपा. हे ऐकणाऱ्याचा फोटो त्याने मोबाइलवर ओळखला. फैजल, नारळ कुठे आहे?”

फैजल पुन्हा खाटेवर बसला. “कफिलाकडं, व्हिसा देणाऱ्या मालकाकडं. मस्कतला. आठ महिने व्हिसा अडकला होता. तो म्हणाला, कुणाकडं नसेल अशी चीज आण. दोस्ताबरोबर पाठवला. दुसरा रस्ता नव्हता, चाचा.”

चाचांनी रिकाम्या पेटीच्या काचेवर हात ठेवला. मग म्हणाले, “आणि या बाईला चोर ठरवायला रस्ता होता?”

त्यांनी चंद्रावतीकडे तोंड वळवलं. “मी कासूला फोन करतो. सांगतो सगळं.”

“फोनवर कोण ऐकणार, चाचा? समोर पन्नास तोंडं असतील,” मृणाली म्हणाली.

मृणालीने घड्याळ पाहिलं. चार वाजून सात मिनिटं. फैजलला सोबतच्या शिपायाच्या ताब्यात देऊन ती अंगणात आली. स्कूटरवरचं पाणी तिने हाताने निपटलं, आपलं हेल्मेट चंद्रावतीच्या डोक्यावर बसवून पट्टा लावला आणि गाडी कासूकडे, नागोठण्याच्या रस्त्याला काढली.