ठिपका सापडेना

"शून्य? काहून शून्य?" दुर्वा ओरडलीच.

पडद्यावर बोरकुरणाचे गुण झळकत होते. चारा नऊ, पाणी दहा, आसरा शून्य. आणि कुरणाची एकूण योग्यताही शून्य!

"आबाजी, सरासरी काढा ना! सहाच्या वर जाते."

आबाजी म्हणजे दुर्वाचे आजोबा, प्राणिशास्त्रज्ञ. कधीकाळी इथून नाहीसे झालेले बारशिंगे परत आणायचे, या एका ध्यासात त्यांचे केस पिकले होते. बारा बारशिंग्यांचा कळप तयार होता. पण पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत कुरण पास झालं नाही, तर तो दुसरीकडे जाणार होता.

"सायकलीची घंटी नवी, सीट मऊ, पण चाकच नाही. सरासरी काढून चालवशील का?" आबाजी म्हणाले. "अधिवासाचं (प्राणी जिथे खातो, पितो, लपतो त्या जागेचं) तसंच असतं. म्हणून गुणांची बेरीज नाही, गुणाकार करायचा. एक शून्य आलं, की सगळं शून्य."

"पण आसरा शून्य कसा?"

"ठिपक्याला विचार."

ठिपका म्हणजे यंत्रपाडस (हरणाच्या पिल्लासारखा रोबो). बारशिंग्याची मादी पावसाळा सरताना विते. पाडसाला सुरुवातीला नीट पळता येत नाही. आई चरायला गेली, की ते उंच गवतात निपचित पडून राहतं. आसरा पुरतो का हे तपासायला आबाजींनी ठिपक्यालाही तसंच कुरणात ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी गावच्या मोत्या कुत्र्याने त्याला कानाला धरून घरी आणलं!

कारण दसरा होताच गावाने गवत कापलं होतं. भारे वाहायला दुर्वाही होती. तिला फार वाईट वाटलं.

ग्रामसभेत ती उभी राहिली. "नाल्याकाठचं भरड गवत कापता काहून? गाई तर त्याला तोंडही लावत नाहीत."

"छपरं शाकारायला, पोरी," म्हातारे सोनबाजी म्हणाले.

"पण गवताचं छप्पर आहे कुठं आता?"

सगळ्यांनी वर पाहिलं. गावभर सौर पत्रे चमकत होते. सोनबाजींनाच आधी हसू फुटलं. "खरंच की! छपरं गेली, हात कापतच राहिले."

नाल्याकाठचं गवत यापुढे दरवर्षी होळीपर्यंत राखायचं ठरलं.

पुढच्या दसऱ्यानंतर ठिपका पुन्हा तिथे ठेवला. मोत्या आठवडाभर कुरणात हिंडून रिकामाच परतला. आठव्या दिवशी दुर्वा ठिपक्याला आणायला गेली. गवत तिच्या डोक्याच्या वर. तासभर शोधून ती रडकुंडीला आली.

"आबाजी, ठिपका सापडतच नाही!"

आबाजींचे डोळे भरून आले. "बटण दाबलं, की शीळ घालेल तो," ते म्हणाले. "आधी बारा पाहुण्यांना निरोप धाडू."