गहू वाळेपर्यंत

जळका वास आला तेव्हा कोरीनला आधी आठवले ते दालचिनीचे रोल्स.

"ओव्हन!" असं स्वतःशीच ओरडत तिनं पिकअप रस्त्याच्या कडेला घेतला, उडी मारून उतरली आणि मागे जोडलेल्या ट्रेलरचं दार उघडून थेट स्वयंपाकघरात शिरली. ओव्हन थंडगार. सकाळी भाजलेले रोल्स फडक्याखाली शहाण्या मुलांसारखे बसलेले. मग हा वास...?

"अहो बाई, आत काय शोधताय? बाहेर या आधी! चाक पेटलंय तुमचं!"

कोरीननं दारातून डोकं बाहेर काढलं. आग विझवायचं लाल नळकांडं हातात धरून एक उंच, उन्हानं रापलेला तरुण ट्रेलरच्या मागच्या चाकाशी वाकला होता. फुस्स करून पांढरा ढग उठला. तो ढग आधी चाकावर बसला आणि उरलेला त्याच्या केसांवर.

"मला वाटलं माझे रोल्स जळाले," ती ओशाळून म्हणाली.

"चाकातून धूर येतोय आणि तुम्ही रोल्स बघायला गेलात?"

"जळका वास आला की स्वयंपाकीण ओव्हनच बघणार ना! तुम्ही काय बघितलं असतंत?"

"चाक," तो म्हणाला. "पण मी पडलो मेकॅनिक." आणि केसांत ती पांढरी पावडर घेऊन मोकळं हसला.

काहीतरी करायचं म्हणून तिनं चाकाच्या मधोमध हात नेला. त्यानं तिचं मनगट वरच्या वर पकडलं. "अंहं... तळहात नाही लावायचा. पालथा हात, आणि तोही लांबून. बघा... धग लागतेय?"

लागत होती. चाकाची, आणि मनगटाचीही.

"बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. "ग्रीस पार सुकलंय. शेवटचं कधी भरलं होतं?"

"आई होती तेव्हा... तीच बघायची हे सगळं."

त्यानं तिचं मनगट फार हळू सोडलं. त्याच क्षणी कोरीनला तो आवडला, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. तिला स्वतःला ते कळायला मात्र पाऊस पडावा लागला.

वोंड्रांची टोळी म्हणजे गव्हाच्या मागे धावणारी माणसं. मे महिन्यात टेक्सासमध्ये पहिला गहू पिकतो, तिथून ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का करत ऑगस्टमध्ये मोंटाना. हार्वेस्टर पुढे, ट्रक मागे, आणि सगळ्यांच्या शेवटी कोरीनचं हे चाकांवरचं स्वयंपाकघर. पिकअपच्या पाठीवर नाक टेकवून चालणारा लांबलचक ट्रेलर. तो आईनं घेतलेला. आई गेल्यावर कोरीननं कंबर कसली आणि टोळीच्या दहा जणांच्या पोटाची काळजी आपल्याकडे घेतली. वडील एमिल वोंड्रा अवाढव्य आणि अबोल. आभाळाकडे बघून शिव्या घालणं एवढीच त्यांची चैन.

मेकॅनिकचं नाव रॉइस. पश्चिम नेब्रास्कातल्या जवळच्याच गावात त्याच्या काकांचं गॅरेज होतं, ते तो चालवत असे. त्यानं चाक उतरवलं, साखळीनं त्या चाकाचा आस वर बांधला आणि म्हणाला, "हळू चालवा. मी मागे आहे."

उरलेल्या तीन चाकांवर ट्रेलर लंगडत लंगडत निघाला. कोरीननं आरशात पाहिलं, तर त्याच्या गाडीचे पिवळे दिवे उघडझाप करत मागे येत होते. तिनं पुन्हा पाहिलं. मग अजून एकदा. रस्ता समोर असतो, हे तिला मुद्दाम आठवावं लागलं.

धान्याच्या कोठाराशेजारी टोळीचा मुक्काम पडला, आणि संध्याकाळी आभाळ फुटलं.

ओला गहू कापता येत नाही. हार्वेस्टर ताडपत्र्या पांघरून उभे राहिले. टोळीतला सगळ्यात जुना ड्रायव्हर ओटिस पत्ते पिसू लागला. एमिल आभाळाला शिव्या घालू लागले. आणि रॉइस नवं बेअरिंग घेऊन भिजत भिजत आला.

"एवढ्या पावसात कशाला आलात?" कोरीननं विचारलं.

"बेअरिंग आलं होतं म्हणून." मग जरा थांबून, "...आणि रोल्स उरले असतील, असं वाटलं म्हणून."

कोठाराच्या छपराखाली दोघं खाली बसले. त्यानं दाखवलं, तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेअरिंगची कड त्यात दाबायची, दुसऱ्या बाजूनं ग्रीस वर येईपर्यंत दाबत राहायचं. कोरीननं त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि मनगटाच्या जोरावर असं मळलं, की तो बघतच राहिला.

"हे कोणी शिकवलं तुला?" अहो-जाहो कुठल्या क्षणी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"मैद्यानं," ती म्हणाली. "गालाला ग्रीस लागलंय तुझ्या."

"कुठे?"

"इथे..." तिनं दाखवायला बोट लावलं. बोटालाही ग्रीसच होतं. आता दोन डाग झाले.

"आभारी आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "एकच होता, जरा एकटा पडला होता."

पाऊस काही थांबेना. रॉइस रोज येऊ लागला. एका चाकाचं झालं, मग उरलेल्या तिन्हींचं ग्रीस. मग ब्रेकची वायर. मग छताची फट. मग ट्रेलरची भिंत बाहेर सरकवून आतली खोली मोठी करणारी मोटर अडकली होती, ती. ओटिस पत्त्यांतून डोकं न उचलता विचारी, "काय गं पोरी, आज काय मोडलं? की अजून मोडायचंय?"

"तुझी खोड मोडायची राहिलीय!" कोरीन तणतणे आणि कान मात्र लाल होत. पाण्याच्या पंपाचा नट तिनं स्वतःच्या हातानं ढिला केला होता, हे ओटिसला दिसलं असावं.

रॉइसलाही दिसलं. त्यानं नट घट्ट केला, पाना पुसला आणि म्हणाला, "हे नट आपोआप ढिले होत नाहीत हं, कोरीन."

"मग... कसे होतात?"

"ते मी उद्या येऊन सांगतो."

वोंड्रांच्या टेबलावर आईनं घालून दिलेला एक रिवाज होता. घास घेण्याआधी प्रत्येकानं एका गोष्टीचे आभार मानायचे. काहीही चालतं. त्या आठवड्यात मात्र सगळ्यांची तोंडं आंबट. गहू शेतात उभ्या उभ्या सडेल की काय, ही धास्ती. ओटिसनं गरम सूपचे आभार मानले. दुसऱ्यानं कोरड्या मोज्यांचे. रॉइस पाहुणा. तो म्हणाला, "या टेबलावर एक खुर्ची जास्त निघाली, तिचे." गॅरेजच्या मागच्या खोलीत तो डब्यातलं अन्न गरम करून एकटाच जेवत असे, हे तेव्हा कोरीनला कळलं. आणि नेमकी तिची पाळी आली.

"पावसाचे," ती म्हणाली.

टेबलावरचे सगळे चमचे थांबले. कापणीच्या टोळीत बसून पावसाचे आभार! एमिलनी मान वर केली आणि लेकीकडे असं बघितलं, जणू तिनं गव्हात पेटती काडी टाकली होती. रॉइसनं मात्र खाली बशीत बघितलं. त्याचे कान कोरीनच्या कानांइतकेच लाल झाले होते.

"म्हणजे... धूळ बसली ना," कोरीन पुटपुटली. ओटिसला ठसका लागला.

पण आभार मानल्यानं पाऊस थोडाच राहतो! दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. वारा सुटला, लोंब्या खडखडू लागल्या, हार्वेस्टर शेतात उतरले. आता कोरीन शेताच्या बांधावर जेवण पोचवी, आणि प्रत्येक फेरीला उभा गहू कमी झालेला दिसे. गहू संपला की टोळी उत्तरेला. रॉइस यायचा, चाकांना पालथा हात लावून बघायचा, "थंड आहेत," म्हणायचा. ती म्हणायची, "हं." जे बोलायचं ते दोघांच्याही ओठांपर्यंत येऊन परत जायचं. नट कसे ढिले होतात, हेही त्यानं अजून सांगितलं नव्हतं.

आणि निघायची सकाळ उजाडली.

"मी जोडून देतो," रॉइस म्हणाला. तो ट्रेलरच्या नाकाशी उभा राहिला, ती पिकअप मागे घेऊ लागली. हे काम ती डोळे मिटूनही करू शकली असती. ट्रेलरखालचा जाड खुंटा पिकअपवरच्या लोखंडी जबड्यात शिरतो, खट्ट आवाज होतो, जबडा मिटतो. मग वाकून बघायचं. मग ट्रेलरचे पाय, म्हणजे पुढचे टेकू, जमिनीवर असतानाच गाडी हळूच पुढे ओढून बघायची. खुंटा अडकला नसेल तर गाडी नुसती निसटते, नुकसान होत नाही. त्यानंतरच पाय वर. नव्या ड्रायव्हरांना ती हे घोकून घ्यायला लावायची.

खट्ट आवाज झाला.

"बसला," रॉइस म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरका होता.

तिनं चाकांखालचे ठोकळे काढले, वायर जोडली, पाय वर घेतले. मग ती गाडीत बसली आणि खिडकीतून डोकावली. "बरंय तर... येते मी."

"चाकांकडे लक्ष दे."

"देईन." एवढंच? ...एवढंच. डोळे भरून यायच्या आत तिनं गाडी पुढे घेतली.

धडाम!

आवाज असा झाला, की कोठारावरची कबुतरं उडाली. खुंटा जबड्यात नव्हताच, वरच टेकला होता. पिकअप पुढे सरकला आणि ट्रेलरचं नाक त्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर बसलं. पत्रे बिचारे पापडासारखे चेपले. आत ताटल्या खळाखळा बोलत होत्या.

एमिल पुढच्या ट्रकमधून उतरले आणि सावकाश चालत आले. ते धावत आले असते तर बरं, असं कोरीनला वाटलं.

"माझी चूक, बाबा! मी ओढून बघितलं नाही..."

"नाही, मिस्टर वोंड्रा, चूक माझी. मी वाकून बघितलं नाही आणि बसला म्हणालो..."

"गाडी मी चालवत होते!"

"पण मेकॅनिक मी आहे ना!"

"एकदम बोलू नका!" एमिल गरजले. चेपलेल्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला. मग रॉइसकडे वळले. "जबड्याकडे बघितलं नाहीस. मग कुठे बघत होतास?"

रॉइसनं टोपी काढली. ती हातात फिरवली. कोरीनकडे बघितलं, एमिलकडे बघितलं...

"हिच्याकडे," तो म्हणाला.

एमिल लेकीकडे वळले.

"आणि तू गं? तुला दोन दोन आरसे दिलेत. आरशात काय दिसत होतं?"

"आरशात..." कोरीननं बोटानं दाखवलं. "आरशात हाच होता, बाबा."

एमिलनी मान खाली घातली. त्यांचे रुंद खांदे हलू लागले. कोरीन घाबरली, आणि मग तिच्या लक्षात आलं, बाबा हसताहेत! आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

"उभ्या आयुष्यात मी ट्रेलर एकदाच पाडला," ते डोळे पुसत म्हणाले. "कॅन्ससमध्ये. तुझ्या आईच्या घरासमोर. ती फाटकात उभी होती निरोप द्यायला." मग आवाज चढवून, "ओटिस! आज निघत नाही आपण. सांग सगळ्यांना."

दिवसभर रॉइस पत्रे ठोकत होता. कोरीन दुसऱ्या बाजूनं लाकडाचा ठोकळा धरून बसली होती. गरज नव्हती, पण बसली होती.

"ते नट कसे ढिले होतात, सांगणार होतास."

"कोणीतरी यावं असं कोणालातरी वाटलं, की होतात." हातोडी थांबली. "मी रोज मनात म्हणायचो, देवा, आज काहीतरी मोडू दे तिकडे. मला तू हवी आहेस, कोरीन. सांगायला उशीर केला, आणि तुझी गाडी मोडली."

"गाडीचं काय, सरळ होईल," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही. "मलाही तू हवायस. पाना नसला तरी चालेल."

"इथल्या बाकीच्या शेतांची कापणी संपली की गॅरेज काका एकटे सांभाळतील... मोंटानात ट्रेलर बिघडतात का गं?"

"आमचा नक्की बिघडेल."

"कसा बिघडेल? मी सगळा नीट केलाय. दोन वर्षं काही होत नाही त्याला!"

"मग नुसताच ये," कोरीन म्हणाली.

संध्याकाळी कोठाराच्या सावलीत टेबल मांडलं. आभार मानायची वेळ आली. ओटिसनं एका दिवसाच्या सुट्टीचे आभार मानले आणि डोळा मारला. रॉइसनं पुन्हा त्याच खुर्चीचे मानले. कोरीन म्हणाली, "मोडलेल्या पत्र्याचे." सगळे खो खो हसले. मग सगळ्यांनी एमिलकडे बघितलं. आई गेल्यापासून ते त्यांच्या पाळीला नुसती मान हलवत.

एमिलनी आज आभाळाकडे बघितलं. शिवी दिली नाही.

"पावसाचे," ते म्हणाले. "या वर्षीच्या. आणि... कॅन्ससमध्ये त्या वर्षी हिच्या आईच्या गावात लागला होता, त्याचेही. मानायचे राहिले होते."

कोरीननं टेबलाखाली बाबांचा हात धरला. त्यांनी तो घट्ट दाबला आणि दुसऱ्या हातानं रोल्सची थाळी रॉइसपुढे सरकवली.

"खा. उद्या आधी ओढून बघायचं, मग पाय उचलायचे. आणि मोंटानाचा गहू ऑगस्टात पिकतो. उशीर करू नकोस."