हिरव्या शाईतलं उत्तर

आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यभर थापा मारत आलोय. त्यामुळे ही गोष्ट माझ्या घरातसुद्धा कुणी खरी मानत नाही. बायको म्हणते, तुम्हाला भेटलेलं भूतही तुमच्यासारखंच टवाळ असणार.

पण ही खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली.

आणि रात्रीची नाही.

१९९९ चा नोव्हेंबर. गुरुवार. भर दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. हनमकोंड्यातलं आमचं डिग्री कॉलेज, तळमजल्यावरची केमिस्ट्रीची लॅब. कॉलेजचं नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरी करतो.

मी ऐलय्या. लॅब अटेंडंट. पोरं ऐलन्ना म्हणतात. बाटल्या धुवायच्या, भरायच्या, त्यांच्यावर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे माझं काम. फावल्या वेळात लोकांच्या खोड्या. नव्या क्लार्कच्या हात धुवायच्या पाण्यात एकदा असं काही मिसळलं की साबण लावताच त्याचे हात गुलाबी झाले. बिचारा दोन दिवस रजेवर होता.

लॅबच्या दाराशी खिळ्याला सुतळीने बांधलेली एक जाड वही असायची. शंकांची वही. डाव्या पानावर पोरांनी शंका लिहायची, खाली रोल नंबर टाकायचा. उजव्या पानावर आमचे सोमलिंगम सर हिरव्या शाईने उत्तर लिहायचे. शंका कितीही येडी असो. मीठ विरघळतं तेव्हा जातं कुठे? मोल म्हणजे डझनासारखंच का? सर हसायचे नाहीत. लिहायचे. स्वतःचं काही चुकलं तर पट्टी धरून एका सरळ रेघेने खोडायचे. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एकच ओळ.

"समजलं? नसेल तर परत विचार."

सरांचा डावा डोळा पांढरा होता. कशाने, ते कुणाला ठाऊक नव्हतं. बोलायला लागण्याआधी ते काचेची कांडी बीकरच्या काठावर दोनदा वाजवायचे. टण… टण… की वर्ग चिडीचूप.

त्या दसऱ्याच्या सुट्टीत सर गेले. झोपेतच.

नवे सर रोज हैदराबादहून रेल्वेने ये-जा करायचे. त्यांनी वहीकडे ढुंकूनही बघितलं नाही. शंका साचत गेल्या. डावी पानं भरलेली, उजवी कोरी.

आणि मला खाज सुटली.

सहा वर्षं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी सरांच्या अक्षरावरून गिरवत होतो. त्यांचं वळण माझ्या बोटांत बसलं होतं. त्यांच्या ड्रॉवरमधलं हिरवं पेन उचललं. गाईडात बघून तीन उत्तरं लिहिली. शेवटी तीच ओळ.

दुसऱ्या दिवशी काय मजा आली म्हणून सांगू. कुणी किंचाळलं. कुणी वहीला झेंडूची माळ घातली. दोघंजण तर लॅबमध्ये शिरताना चपला काढायला लागले. मी स्टोअर रूममध्ये तोंडात फडकं कोंबून हसत होतो.

एकच मुलगी घाबरली नाही. रजिता. पहिलं वर्ष, रोल नंबर ३७. परकालजवळच्या खेड्यातून आलेली, सगळं शिक्षण तेलुगूतून, सरांना 'सार' म्हणायची. वर्गात हात वर करायला लाजायची, वहीत मात्र रोज एक शंका. मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन कुजबुजलो की अम्मा, मेलेल्या माणसाकडून उत्तरं घेऊ नयेत, रात्री घरापर्यंत मागे येतो.

ती म्हणाली, "मेलेले सार उत्तर देतात तरी, अन्ना. जिवंत सारांना विचारून बघा एकदा."

मी फडकं उचलून बाटल्यांकडे वळलो.

सोमलिंगम सरांची आणखी एक पद्धत होती. दर गुरुवारी एका विद्यार्थ्याने वर्गासाठी पातळ ॲसिड बनवायचं. सर शेजारी उभे राहायचे. सर गेले, पाळी तेवढी राहिली.

बुधवारी रजिताने लिहिलं, उद्या पाळी माझी आहे, कशात काय ओतायचं?

आता हे लॅबच्या झाडूलाही ठाऊक. पाण्यात ॲसिड ओतायचं, हळूहळू. उलट केलं, ॲसिडमध्ये पाणी ओतलं, तर ते जागच्या जागी उकळून थेट तोंडावर उडतं. मला वाटलं, पोरगी आपली फिरकी घेतेय. मग मीही घेतली.

लिहिलं, "ॲसिड तहानलेलं असतं. तहानलेल्याला पाणी पाजावं. त्यात पाणी ओत. समजलं? नसेल तर परत विचार."

स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. जेवेपर्यंत विसरूनही गेलो.

गुरुवारी नव्या सरांची गाडी लेट. मी चार मिरची बज्जी हाणून स्टोअर रूमच्या बाकावर आडवा झालो. डोळा लागला.

जाग आली… पण आवाजाने नाही.

वास थांबला म्हणून.

आमच्या लॅबला सडक्या अंड्यांचा वास असतो. बारा महिने. भिंतींत मुरलेला. माझ्या शर्टाला, माझ्या डब्यातल्या भातालासुद्धा तोच.

तो वास… नव्हता.

मग लक्षात आलं. कोपऱ्यातला गळका नळ, जो मी नोकरीला लागल्यापासून टपटपतोय… तोही गप्प होता.

आणि मग पलीकडून, लॅबमधून…

टण… टण…

पोरं माझीच टिंगल करताहेत, असं वाटून मी चिडून उठलो. दार लोटलं.

रजिता एकटीच होती.

टेबलावर मोठ्या बीकरमध्ये घट्ट ॲसिड. नीट दिसावं म्हणून ती त्यावर वाकलेली. हातात पाण्याने भरलेला जग. शेजारी सुतळी सोडून आणलेली वही.

जग कलंडत होता.

मला माझं उत्तर आठवलं.

ओरडायला तोंड उघडलं… आवाजच निघाला नाही. पाय फरशीला चिकटल्यासारखे.

टण… टण…

कांडी टेबलावर आडवी पडली होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

ती हलली नव्हती.

रजिताने मान वळवून वहीकडे बघितलं. वाचलं. आणि जग… खाली ठेवला.

मग तिने दुसऱ्या बीकरमध्ये पाणी घेतलं. चेहरा मागे घेतला. कांडीच्या कडेने ॲसिडची बारीक धार सोडली. अगदी बरोबर.

नळ पुन्हा टपटपायला लागला. वास आला. त्या घाण वासाने मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"काय हो अन्ना," ती वैतागून म्हणाली, "सारांनी आधीच नीट लिहायला काय झालं होतं? मी ओतणारच होते."

मी पान बघितलं.

माझं उत्तर खोडलेलं होतं. एका सरळ रेघेने. त्याखाली हिरव्या शाईत… "चूक. पाण्यात ॲसिड. धार बारीक. चेहरा लांब. समजलं? नसेल तर परत विचार."

मी विचारलं, हे सकाळी होतं का. ती म्हणाली, सकाळी नव्हतं, आत्ता कांडी वाजली म्हणून बघितलं तर होतं.

मी अक्षरांना बोट लावलं. बोट हिरवं झालं.

हिरवं पेन माझ्या खिशात होतं. टोपण लावलेलं.

रविवारी काझीपेटला सरांच्या घरी जाऊन ते पेन परत केलं. ड्रॉवरमध्ये सापडलं, असं सांगितलं. सरांच्या बायकोने चहा दिला. निघताना मी सहज विचारल्यासारखं त्या पांढऱ्या डोळ्याबद्दल विचारलं.

त्या म्हणाल्या, "कॉलेजात असताना ॲसिडमध्ये पाणी ओतलं. कशात काय ओतायचं, हे विचारायची लाज वाटली त्यांना. म्हणून तर ती वही सुरू केली."

कप तसाच टेकवून मी उठलो.

सोमवारी लॅब उघडली. वहीचं नवं पान बघितलं. डाव्या बाजूला, जिथे फक्त पोरं लिहितात… हिरव्या शाईत एक शंका होती.

"ऐलय्या, तिचा डोळा गेला असता तर?"

सरांनी त्या वहीत याआधी कधीच प्रश्न विचारला नव्हता. आणि पेन काझीपेटला होतं.

मी उजव्या पानावर लिहिलं, गंमत होती सर. दुसऱ्या दिवशी त्यावर सरळ रेघ. मग लिहिलं, चुकलो सर. रेघ. पुन्हा असं करणार नाही. रेघ.

ती वही मी स्टोअर रूमच्या कपाटात कुलपात ठेवली. दर नोव्हेंबरला काढतो, एक नवं उत्तर लिहितो. दरवेळी दुसऱ्या दिवशी… रेघ.

रजिता आता आमच्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मॅडम झाली. दाराशी तिने नवी शंकांची वही बांधलीय. परवा वर्गात सांगत होती की मोठी माणसंही चुकतात, आमचे सोमलिंगम सारही एकदा चुकले होते, पण स्वतःच खोडून त्यांनी दुरुस्त केलं.

मी दाराबाहेर बाटल्या पुसत उभा होतो.

खरं उत्तर काय, ते मला माहीत आहे. इतकी वर्षं माहीत आहे. पण ते वहीत लिहून भागणार नाही, तिच्यासमोर उभं राहून सांगावं लागेल. मी लोकांना हसवून जगलेला माणूस. ते माझ्याने होत नाही. इथे लिहितोय, कारण मॅडम भुताच्या गोष्टी वाचत नाहीत.

आत्ता दुपारचे दोन वाजून गेलेत. स्टोअर रूममध्येच बसलोय. पलीकडच्या लॅबमध्ये कुणी नाही.

एवढं लिहिलं आणि…

वास थांबलाय.

कपाटाकडे मी बघत नाहीये.