मुका पंचम

कुणी मध्ये खाकरू नका. मला तो आवाज हल्ली सोसत नाही.

आमचा पेटीवाला तुम्हाला माहीत आहे. पेटी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वच्छतेच्या नावाने मात्र आनंदीआनंद. पेटीतली अडलेली रीड, म्हणजे ती बोटभर पितळी पट्टी, तो सरळ ओठांत धरायचा आणि श्वास आत ओढून सूर तपासायचा. बायको म्हणायची, "कुणाकुणाच्या घरची घाण तोंडात घालता हो." तो हसण्यावारी न्यायचा.

गेल्या नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार, रात्री पावणेदहा. संगीत मास्तरांच्या मुलीने त्याला बोलावलं होतं. मास्तरांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्यांच्या पेटीचा पंचम मुका झाला होता. आता, मास्तरांची एक खोड होती. आपली एक चाल वाजवायचे आणि विचारायचे, "डोळे मिटा. काय दिसतं?" चालीत शब्द एक नाही, पण वर्गातल्या पंधराही पोरांना तीच नदी दिसायची आणि पलीकडे निघालेली तीच होडी.

"काका, अजूनही दिसतं," मुलगी म्हणाली. "आता होडीत बाबा असतात, पाठमोरे. पण पंचम लागत नाही, म्हणून होडी मध्येच अडकते. त्यांना पलीकडे पोचू दे हो."

"मलाही दिसतात," तिची आई दारातून हळूच म्हणाली.

पेटीवाल्याने झाकण काढलं आणि झटकन तोंड फिरवलं. साचलेल्या थुंकीचा वास. पंचमाच्या रीडवर पिवळट, चिकट थर, आणि तोही ओला. मास्तर शेवटी शेवटी खोकून बेडके टाकायचे, हे त्याला ठाऊक होतं. त्याने रीड फडक्याने पुसली. घाईघाईत पुसली.

मग हाताने सवयीने काम केलं. रीड ओठांत गेली. त्याने श्वास ओढला.

सूर लागला. अगदी स्वच्छ.

आणि तोंडात काहीतरी आलं. कोमट. जाड. जिभेवरून... आपणहून सरकलं. तो थुंकायला वाकला. तोंड उघडेना. शेवटी... गिळलं त्याने. शी. सांगताना माझ्याही घशाशी येतं.

डोळे कुणीच मिटले नव्हते. तरी तिघांना एकदम दिसलं. नदी. होडी.

होडी माघारी वळली होती...

पेटीवाल्याने रीड कशीबशी बसवली आणि घर गाठलं. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासले, दोनदा ओकला. चव गेली नाही.

रविवारी मुलीचा फोन आला. "काका, पंचम छान लागतोय. पण होडी रिकामी आहे. पलीकडे उतरले म्हणावं, तर ती आपल्याच काठाला लागलीय."

त्याने तोंडात आलेली थुंकी गिळली.

"आई म्हणते, विचारून बघ... बाबा तुमच्याकडे तर नाही ना आले?"

"नाही गं," म्हणायला त्याने तोंड उघडलं. आधी खोकला आला. ओला, लांबलचक. त्याला जन्मात कधी असा खोकला नव्हता.

मग मुलगी म्हणाली, "बाबा?"

त्याने फोन ठेवला.

त्याची बायको आता दुसऱ्या खोलीत निजते. रोज सकाळी त्याच्या उशीचा अभ्रा तीच बदलते. तोंडापाशी लाळेचा डाग असतो, हिरवा, पितळेवर कळंक चढतो तसा. धुतला तरी जात नाही.