एक्केचाळीस नंबरचा दगड

गौरी, लाइट राहू दे, पण टीव्ही बंद कर. साकेत, तू आधीच हसू नको. हे चारुदत्तचं आहे, दिग्रसले माझ्यासंगं खोलीवर राहे तो. माझ्या डोळ्यादेखतचं म्हणून सांगतो.

दोन हजार सहा साल. कापसाले कोणी विचारत नव्हतं. तशात दिग्रसपासच्या एका गावात जुनं हेमाडपंती देऊळ नीट करायचं काम निघालं. बाहेरचे लोक पाहाले येतीन, पोरायले धंदा भेटन, म्हणून गाव खुश. चारुदत्त ठेकेदाराचा सुपरवायझर. देऊळ उकलायचं, हरेक दगडावर चुन्यानं नंबर टाकायचा अन् त्याच नंबरानं परत बसवायचं. नंबर टाके रामसिंग, तांड्यावरचा म्हातारा चौकीदार. त्यानं शाळा पाह्यली नव्हती, आकडे चारुदत्तनंच शिकवले. फक्त एकचा आकडा काही जमला नाही. त्याची शेपटी तो नेहमी उलट्या बाजूनं काढे.

"मास्तर तुमी, सायेब. चूक बी तुमचीच," असं म्हणून हसे. रोज आपल्या डब्यातली अर्धी भाकर चारुदत्तले दे.

एक्केचाळीस नंबर म्हणजे नाचणारी बाई कोरलेला दगड. ठेकेदारानं तो गुपचूप कोण्या बड्या माणसाच्या बागेत पोचवला. चारुदत्तनं डोळ्यानं पाह्यलं. चौकशी लागली तं यानं लिहून देल्लं, चौकीदारानं विकला. कायले? तं नोकरी जाईन म्हणून!

रामसिंग सगळ्यायसमोर एवढंच म्हणे, "सायेब, तुमी सांगा ना यायले."

हा खाली पाहत राह्यला. आठ दिवसात म्हातारा वारला. बेइमानी केली रे यानं. माझा दोस्त होता, तरी म्हणतो.

चौदा डिसेंबर, मार्गशीर्षातला गुरुवार. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. माहितीचा बोर्ड रंगवून आला होता, तो देवळापाशी ठेवाले चारुदत्त गाडीवर गेलता. रात्रीचे सव्वादहा. बोर्ड खांबाले टेकवला, अन् हातातली टॉर्च विझली.

आत कोणीतरी मोजून राह्यलं होतं.

"सदतीस... अडतीस..."

दर आकड्याले दगडावर थाप.

"एकोणचाळीस... चाळीस..."

मंग थांबलं.



"सायेब..."

आवाज आता पाठीमागं.

"एक्केचाळीस... कुठं बसवू?"

...

पाठीले काहीतरी ओलं लागलं. थंडगार.

गाडी कशी चालवली, त्याले ठाव नाही. बारा वाजता दार मीच उघडलं. दातखीळ बसली होती त्याची. हे सगळं त्यानं मले सकाळी सांगतलं. पण रात्री तो नुसता पाठीकडं हात करे. मी त्याचा सदरा काढला, लाइटीखाली धरला. कोरा. एक डाग नाही.

मंग त्याले वळवलं.

उघड्या पाठीवर चुन्याचा नंबर होता, अजून ओला.

चार बरोबर. एक उलटा.