बुधवारचा चित्रकलेचा तास

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी तिच्यात हेडमास्तर जरा बरा घातला असता.

साल १९५७. नोव्हेंबरातला बुधवार. मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास.

गाव जांभूळबोडी. ब्रह्मपुरीपासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाची वाट. तळ्याच्या काठावर कौलारू हायस्कूल आणि मागे सागाचं जंगल. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. लख्ख उन्हात धानकापणी चालली होती. भुताला रात्र लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी शाळेत नोकरी केलेली नाही.

घडलं ते माझ्या मामांच्या बाबतीत. केवळराम मास्तर. गणित शिकवायचे.

त्याच शाळेत लटारू मास्तर नऊ वर्षं चित्रकला शिकवत होते. रंग मिळत नसत, म्हणून पळसाची फुलं उकळायचे, गेरू खलायचे. करंजीच्या काड्या मडक्यात कोंडून जाळायचे आणि तो कोळसा पोरांच्या हातात द्यायचे. गळ्यात हिरवा मफलर, मे महिन्यातही. कानावर कोळशाची काडी.

आठवीला चित्रकलेचा आठवड्यात एकच तास. बुधवारचा. आणि तोही...

तोही मामा घ्यायचे.

"लटारूभाऊ, आजचा तास मले देता का? त्रैराशिक राहून गेलं."

"घ्या ना गुरुजी. पण एक डाव तुमी बी बसा माह्या वर्गात, पोरायसंगं. एक चित्र काढून पाहा."

"बसतो ना. पुढच्या बुधवारी."

शिक्षकांच्या खोलीत यावर हसू व्हायचं. हिंदीच्या इंदुताई म्हणायच्या, "लटारूभाऊ, तुमचा तास म्हंजे धर्मशाळा. कोनीबी याव, पथारी टाकाव."

लटारू मास्तरही हसायचे. आणि आपल्याच वर्गाबाहेर, व्हरांड्यात, घंटा होईपर्यंत उभे राहायचे.

१९५७च्या मे महिन्यात हिवतापानं ते गेले. शाळेनं शोकसभा घेतली. बापूजी हेडमास्तरांनी त्यांच्या निष्ठेवर वीस मिनिटं भाषण केलं आणि जुलैत त्यांची जागा भरलीच नाही. वेळापत्रकात बुधवारच्या तासाला लिहिलं: विषय चित्रकला, शिक्षक केवळराम.

"शिकवायचं गणितच," नोव्हेंबर लागताच बापूजींनी पुन्हा बजावलं. "महिनाअखेर निरीक्षक येऊन राह्यले. जिल्हा नवीन राज्यात गेला, मान्यता नव्यानं घ्या लागते. पोरायले गणित नाई आलं त आठवी बंद. चाळीस पोरं धान कापाले जातीन."

म्हणून त्या बुधवारी मामा घाईत होते. फळ्याकडे तोंड करून त्यांनी एक गणित लिहिलं. मग दुसरं.

मागे चाळीस पोरं. एरवी खोकणं, कुजबुज, बाकांची कुरकुर...

काहीच नाही.

मग आवाज आला.

खर्र... खर्र...

खडूचा नव्हता. मामांचा खडू तर हवेत थांबला होता.

ते वळले. चाळीस माना खाली. चाळीस हातांत कोळसा.

"काय चाललं हे?"

"चित्र काढून राह्यलो, गुरुजी," पहिल्या बाकावरची कुंता म्हणाली.

"कोनं सांगतलं?"

पोरीनं मामांच्या शेजारी पाहिलं. तिथे रिकामी खुर्ची होती.

"सरायनं."

मामांनी वह्या गोळा केल्या. सगळ्या वह्यांत एकच चित्र. फळ्यापाशी पाठमोरे मामा, आणि शेजारी खुर्चीत एक माणूस. गळ्यात मफलर. कानावर काडी.

यातलं एकही पोर जुलैच्या आधी या शाळेत नव्हतं. आजूबाजूच्या खेड्यांवरून आलेली पोरं. लटारू मास्तरांना त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

आणखी एक. लटारू मास्तरांची ती खुर्ची मामांनी जूनमध्येच अडगळीच्या खोलीत टाकायला लावली होती.

त्यांनी शिपाई मुखरूला धरलं. "ही खुर्ची काऊन आनली इथी?"

"मी नाई आनली, गुरुजी. मी त दर बुधवारी सकाळी उचलून नेतो. सुट्टी झाली का ते असतेच इथी."

"मंग मले आजवर काऊन नाई दिसली?"

"तुमी वर्गात आल्याबरोबर फळ्याकडं तोंड करता ना."

मामा हेडमास्तरांकडे गेले. बापूजींनी शांतपणे ऐकलं.

"लेखी द्या," ते म्हणाले.

"काय लेखी देऊ? मेलेला मानूस तास घेऊन राह्यला म्हनून?"

"तसं नोका लिहू. मयत शिक्षकाले तास देता येत नाई. तशी तरतूदच नाई."

पुढच्या बुधवारी मामांनी खुर्ची अडगळीत ठेवली आणि कुलूप स्वतः लावलं. किल्ली खिशात. मधली सुट्टी झाली. ते वर्गात शिरले...

खुर्ची जागेवर होती.

किल्ली खिशातच होती.

त्यांनी गणित लिहिलं. खर्र... ओरडले. पोरं रडकुंडीला आली, पण हात थांबेनात. चाळीस मिनिटांत एकही उदाहरण झालं नाही. निरीक्षक यायला एक आठवडा.

"मुखरू, काय करू रे?" त्या संध्याकाळी मामांनी विचारलं.

"त्यायचा तास त्यायले देऊन टाका, गुरुजी. दुसरं काय."

तिसऱ्या बुधवारी मामांनी खडू हातात घेतलाच नाही. खुर्चीकडे न बघता म्हणाले, "घ्या भाऊ. तास तुमचा." आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, जिथे लटारू मास्तर उभे राहायचे तिथेच.

आतून कोळशाचा आवाज. मधूनच पोरांचं हसू. मामांना सुटल्यासारखं झालं.

कुंता वही दाखवायला दारात आली.

चित्रात खुर्ची रिकामी होती.

मामा व्हरांड्यात उभे होते. आणि त्यांच्या मागे, अगदी खांद्याला लागून, मफलरवाला माणूस. त्याचं बोट वर्गाकडे...

"सर म्हन्ते, तुमी पुढच्या बुधवारी बसतो म्हनले होते," कुंता म्हणाली.

हे वाक्य त्या पोरीला माहीत असायचं कारण नव्हतं.

मामा आत गेले. शेवटच्या बाकावर, पोरांच्या मध्ये, गुडघे मोडून बसले. समोर कोरा कागद होता. कोणी ठेवला, कोणी सांगितलं नाही.

नेमके तेव्हाच निरीक्षक आले. मामांना उठायचं होतं. उठता आलं नाही.

मान्यता मिळाली. बाकीचे पाचही दिवस मामा जीव तोडून गणित शिकवत होतेच, ते कामी आलं. निरीक्षकांचा शेरा कार्यालयात होता, मी स्वतः वाचलाय:

"गणित समाधानकारक. चित्रकलेचे शिक्षक मितभाषी पण तळमळीचे, नाव विचारायचे राहिले. एकूण शिक्षक सात."

शाळेत सहा होते. बापूजींनी शेरा वाचला आणि फायलीला लावला. दुरुस्ती मागितली तर पुन्हा तपासणी होते, म्हणाले.

त्यानंतर मामा दर बुधवारी त्या बाकावर बसू लागले. मला वाटलं, संपलं.

१९५८च्या मे महिन्यात मी नागपूरहून कॉलेजच्या सुट्टीत मामांकडे गेलो. शाळा बंद. दुपारचे अडीच. मामी माहेरी. मी ओसरीवरून आत पाहिलं.

मामा भिंतीशी जमिनीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर पाटी, तिच्यावर कागद. समोर रिकामी खुर्ची. बोटं काळी. घरात कोळसा नव्हता, मामी गेल्यापासून चूल पेटलीच नव्हती.

वार बघायची गरज नव्हती.

त्यांनी हात वर केला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस.

"सर... पानी पेऊन येऊ?"

मामा खुर्चीकडे बघत राहिले.

मग हळूच हात खाली घेतला. आणि पुन्हा पाटीवर वाकले.

मी तांब्या भरून दाराशी नेला होता. आत नेला नाही. का नेला नाही, ते मला अजून सांगता येत नाही. एवढंच आठवतं की कोणीतरी माझ्याकडे पाहिलं, आणि मी, वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे राहतात तसा, तिथेच उभा राहिलो.

चाळीस मिनिटं.